वेटिंगवाल्यांच्या हातात पेजर द्यायचा आहे? आधी हे वाचा

आमचं हॉटेल नागपुरात लक्ष्मीनगरच्या बाजूला आहे. चौदा टेबलं, एक भटारखाना, एक गल्ला. गल्ल्यावर मी बसते. रविवारी साडेसातनंतर दाराबाहेर आठ-दहा कुटुंबं उभी असतात. उन्हाळ्यात आत दोन मोठे कूलर घरघरत असतात. त्या आवाजावर चढून "देशमुख, चार जण!" असं ओरडायचं, आणि एका हाकेला दोन देशमुख उठायचे. मग कोण आधी आलं यावरून दारातच वाद. एकदा एक काका मला म्हणाले, "वहिनी, घसा बसन तुमचा, काहीतरी मशीन घ्या ना जी." दुसऱ्याच आठवड्यात मशीन घेतली. चुकीची घेतली, पैसे अडकले, मग दुसरी घेतली. दीड वर्ष झालं, आता गाडी रुळावर आहे.

नव्याने हॉटेल, कॅफे किंवा नाश्त्याचं दुकान टाकणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. मी इंजिनिअर नाही. जे कळलं ते चुका करून आणि रिपेअरवाल्या पोराच्या शेजारी बसून कळलं.

१. पेजर वाजतो कसा, हे आधी समजून घ्या

हे टाळून थेट खरेदीला जाऊ नका. मी तेच केलं होतं.

सेटमध्ये तीन गोष्टी येतात. गल्ल्यावर ठेवायचा बेस, म्हणजे आकड्यांची बटणं असलेला ट्रान्समीटर. गिऱ्हाइकाच्या हाती द्यायच्या चकत्या, म्हणजे पेजर. आणि त्या चकत्या एकावर एक रचून चार्ज करायचं स्टँड. काही सेटमध्ये बेस आणि स्टँड एकाच डब्यात असतात.

तुम्ही १२ दाबून कॉल केलं की बेस बारा नंबरच्या पेजरचा पत्ता शून्य आणि एकच्या माळेत मांडतो आणि ती माळ रेडिओ लहरीवर चढवतो. बऱ्याच सेटमध्ये शून्यासाठी लहरीची वारंवारिता किंचित एका बाजूला सरकते, एकसाठी दुसऱ्या बाजूला. ही लहर तुमच्या सगळ्याच पेजरपर्यंत पोचते. पंधराच्या पंधरा पेजर ती ऐकतात, प्रत्येक जण आपला पत्ता ताडून बघतो आणि चौदा जण गप्प बसतात. ज्याचा पत्ता जुळला तोच थरथरतो, चमकतो, वाजतो. थरथर येते ती आतल्या बोटाच्या पेराएवढ्या मोटरमुळे. तिच्या दांड्यावर एका बाजूलाच वजन बसवलेलं असतं, त्यामुळे ती फिरली की सगळी चकती हादरते. मोबाइलचं व्हायब्रेशनही पुष्कळदा असंच असतं.

पेजर सतत कान टवकारून बसत नाही, नाहीतर बॅटरी फार लवकर संपेल. तो झोपतो आणि थोड्या थोड्या वेळाने क्षणभर डोळा उघडून बघतो. म्हणून चांगल्या सेटचा बेस आधी एक-शून्य-एक-शून्य अशी लांबलचक घंटा वाजवतो आणि मगच पत्ता सांगतो. पेजरच्या जगात पॉक्सॅग नावाची जी जुनी पद्धत आहे, तिच्यात ही घंटा किमान ५७६ बिटांची, म्हणजे तेवढ्या शून्य-एकांची असते. सेकंदाला १२०० बिट या वेगाने तिला साधारण अर्धा सेकंद लागतो. तेवढ्यात झोपलेले जागे होतात. याच पद्धतीत पत्त्याला २१ बिट दिलेले असतात, म्हणजे वीस लाखांहून जास्त वेगवेगळे पत्ते. आपल्या वीस चकत्यांसाठी हे म्हणजे मुंगीला हत्तीचा हौदा.

भारतात पेजरसेवा सुरू झाली ती १९९५ मध्ये. माझ्या थोरल्या दिरांच्या पट्ट्याला त्या वेळी एक पेजर लटकलेला असायचा आणि निरोप आला की ते एसटीडी बूथ शोधत पळायचे. मोबाइलने ते सगळं गिळलं. हॉटेलात मात्र हीच विद्या टिकली, कारण इथे निरोप एकच असतो: या, टेबल झालं.

आता यातली सर्वात महत्त्वाची गोष्ट. हा संवाद एकतर्फी आहे. बेस ओरडतो, पेजर ऐकतो, पण "ऐकलं" असं उलट सांगणं साध्या पेजरला जमत नाही. बेसवरचा दिवा लुकलुकला याचा अर्थ निरोप सुटला, एवढाच. तो पोचला का, हे बेसला माहीत नसतं आणि म्हणून तुम्हालाही नसतं. पुढच्या निम्म्या सूचना या एका गोष्टीवर उभ्या आहेत.

२. तुम्हाला पेजर खरंच लागतात का?

वेटिंग आठवड्यातून एखाद दिवस चार कुटुंबांचं होत असेल, तर वही आणि मोठा आवाज पुरे. तर्री-पोह्याच्या ठेल्यावर पेजर ठेवणं हा शुद्ध दिखावा आहे. तिथे माणूस समोरच उभा असतो आणि त्याला समोरच उभं राहायचं असतं.

एसएमएसचा पर्याय सगळेच सुचवतात. मीही विचारून आले. व्यावसायिक एसएमएस पाठवायचा तर ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, २०१८ च्या नियमांखाली डीएलटीवर, म्हणजे मोबाइल कंपन्यांच्या नोंदणी पोर्टलवर, नाव नोंदवावं लागतं. दुकानाचं नाव, हेडर म्हणजे पाठवणारा म्हणून दिसणारं नाव, मजकुराचा साचा, सगळं मंजूर करून घ्यायचं. शिवाय गिऱ्हाइकाचा फोन नंबर मागावा लागतो. एकट्या आलेल्या मुली तो देताना कचरतात आणि त्यात त्यांचं काहीच चुकत नाही. २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानेही दुकानदारांना बजावलं होतं की गिऱ्हाइकाकडे मोबाइल नंबरची सक्ती करू नका. पेजरला नंबर लागत नाही, नेट लागत नाही, आणि आजोबांचा साधा फोन आड येत नाही. ज्यांना कमी ऐकू येतं त्यांना थरथर कळते, हा फायदा तर मला घेतल्यावर लक्षात आला.

पेजरची बाजू कमजोर पडते ती लांब जाणाऱ्यांच्या बाबतीत. एसएमएस फुटाळा तलावावर फिरायला गेलेल्यालाही मिळतो. पेजर आपल्या गल्लीच्या टोकाला संपतो.

३. किती घ्यायचे, ते कागदावर काढा

विक्रेता वीसचा सेट गळ्यात मारू बघेल. तुम्ही दोन रविवार वही घेऊन बसा. गर्दीच्या वेळात तासाला किती कुटुंबांना थांबावं लागतं आणि सरासरी किती मिनिटं, एवढंच लिहा. आमच्याकडे तासाला बारा कुटुंबं आणि चाळीस मिनिटं असा हिशेब आला. बारा गुणिले चाळीस, भागिले साठ. म्हणजे एका वेळी आठ पेजर बाहेर. त्यावर चार-पाच जास्तीचे धरा. एखादा चार्ज नसतो, एखादा नंबर पुसलेला असतो, एखादा गाडीच्या सीटखाली राहून वर्ध्याला जातो.

४. घेताना काय तपासायचं आणि कोणते कागद मागायचे

माझी पहिली चूक इथली. ओळखीतल्या एकाने परदेशातून येताना जुना पण चांगला सेट आणला, स्वस्तात दिला. वाजायचा झकास. रिपेअरवाल्या पोराने मागचं लेबल वाचलं तेव्हा कळलं की तो ४५० ते ४७० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतो. अमेरिकेत हॉटेलांचे पेजर सर्रास त्या पट्ट्यात चालतात. आपल्याकडे तो पट्टा मोकळा नाही, तिथे विनापरवाना प्रसारण करता येत नाही. सेट कपाटात गेला.

आपल्याकडे कमी शक्तीच्या उपकरणांना ४३३ ते ४३४ मेगाहर्ट्झ आणि ८६५ मेगाहर्ट्झच्या पुढचा छोटा पट्टा परवान्याविना मोकळा आहे. त्याच्याही अटी आहेत, पण त्या पाळायचं काम बनवणाऱ्याचं किंवा आयात करणाऱ्याचं. तुम्ही पुरावा मागायचा. तेव्हा पैसे देण्याआधी हे हातात घ्या:

– दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेकडचं ईटीए, म्हणजे उपकरणाच्या प्रकाराची मान्यता, तिची प्रत. त्यावरचा मॉडेल नंबर आणि डब्यावरचा मॉडेल नंबर एकच आहे का, ते स्वतः वाचा.
– बेसच्या मागच्या लेबलचा फोटो, वारंवारिता दिसेल असा.
– जीएसटीचं पक्कं बिल. मात्र ५ टक्के जीएसटी लावणाऱ्या साध्या हॉटेलला इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, मिळत नाही. त्यामुळे बिलातला कर हा तुमचाच खर्च. भाव विचारताना करासकट विचारा.
– वॉरंटीचा कागद. त्यात बॅटरी धरली आहे की नाही ते वेगळं विचारा.
– सुटा पेजर केवढ्याला मिळतो, हे लेखी.
– नवा पेजर बेसला ओळखीचा कसा करायचा याची पायरीवार माहिती. हे विक्रेत्याकडून दुकानात करवून घ्या आणि मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा. सोबत येणारं पुस्तक मला तरी कधी समजलं नाही.

डब्यावर "रेंज ५०० मीटर" लिहिलेलं असेल. मोकळ्या मैदानात, मध्ये काहीच नसताना, असं ते वाचायचं.

५. बसवा आणि चालून बघा

४३३ मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साधारण ६९ सेंटीमीटर असते. त्याच्या चौथ्या हिश्श्याएवढा, म्हणजे सतरा-एक सेंटीमीटरचा ॲन्टेना तिला मानवतो. म्हणून बेसवरची ती काळी काडी तेवढी असते. काहींची आखूड दिसते, कारण आत तार गुंडाळलेली असते. ती वाकवू नका, अडचण होते म्हणून काढू नका. ती उभी राहू द्या आणि लोखंडापासून लांब. आमच्याकडे पोराने बेस स्टीलच्या फ्रिजच्या मागे सरकवला होता, "सामान दिसायला बरं नाही वाटत" म्हणून. अर्धे पेजर मुके झाले. आता बेस गल्ल्यामागच्या लाकडी फळीवर, डोक्याच्या उंचीवर आहे.

मग चाचणी. एक जण बेसपाशी, दुसरा दोन पेजर घेऊन बाहेर, दोघांच्या कानाला फोन. बाहेरचा जागा बदलत जातो आणि सांगतो: पानठेल्यापाशी आहे, मार. औषधाच्या दुकानापाशी, मार. प्रत्येक जागी तीनदा. तिन्ही वेळा वाजला तरच ती जागा चांगली म्हणायची. एकदा जरी चुकला तरी ती जागा वहीत लाल. ही चाचणी गर्दीच्या वेळी करा, रस्त्यावर गाड्या आणि माणसं असताना. सकाळी अकराला सगळंच वाजतं.

आमच्या वहीत लाल निघाल्या त्या जागा अशा: बाजूच्या इमारतीचा जिना, कारण मध्ये आरसीसीची जाड भिंत. तळघरातलं पार्किंग पूर्ण बंद. कोपऱ्यावरच्या टिनाच्या शेडमागे कधी हो, कधी नाही. काचा चढवून, एसी लावून गाडीत बसलेल्यांना बहुतेक वेळा मिळतो, पण गाडी दुसऱ्या गाड्यांच्या मागे असली की भरवसा नाही.

शेजारच्या हॉटेलातही तसेच पेजर असतील तर एक गंमत होऊ शकते. त्यांनी सात दाबला की तुमचा सात वाजतो. सेटला हॉटेलचा वेगळा कोड देता येतो, तो बदलून घ्या.

आणि बेस इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या. लाइट गेल्यावर पंखा नसेल तर लोक थांबतात, नंबर हरवला तर भांडतात.

६. नंबर कसे लावायचे

१ ते ९ चार जणांपर्यंतच्या टेबलांसाठी, ११ पासून पुढचे मोठ्या कुटुंबांसाठी. म्हणजे आकडा ऐकताच टेबल कोणतं ते वाढप्याला कळतं. पार्सलचे पेजर वेगळ्या रंगाचे. ६ आणि ९ च्या खाली रेघ मारा, चकती गोल असते. एवढंच.

७. बटण कधी दाबायचं

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, आणि त्यात मशीनचा दोष नसतो.

नवा माणूस टेबलावरचे लोक उठले की लगेच बटण दाबतो. गिऱ्हाईक आत येतं तेव्हा टेबलावर सावजीच्या रश्श्याचे डाग, हाडांची ताटं, आणि पोरगा फडकं शोधतोय. पाच जण टेबलाशेजारी उभे. त्यांना बाहेर उभं राहण्याचं काही वाटलं नव्हतं, आत उभं राहण्याचा राग येतो. म्हणजे आपणच त्यांना खोटं बोलावलं. दोनदा असं झालं की तो माणूस पेजर वाजला तरी दोन मिनिटं मुद्दाम उशिरा येतो आणि मग टेबल रिकामं पडून राहतं.

उलट चूक म्हणजे टेबल पुसून, पाणी ठेवून, चकाचक झाल्यावर दाबायचं. मग ते लोक पानठेल्यापासून येईपर्यंत, आजींना पायऱ्या चढवेपर्यंत चार मिनिटं जातात. रात्रीत वीस वेळा चार मिनिटं म्हणजे ऐंशी मिनिटं. बरोबर दोन कुटुंबांचं जेवण.

आम्ही ठरवलेली वेळ अशी: पहिलं ताट उचललं की दाबायचं. बिल दिलं तेव्हा दाबायचं नाही. बिल दिल्यावर नागपूरकर बडीशेप चघळत किमान पंधरा मिनिटं बसतो, त्याला उठवण्याची हिंमत माझ्यात नाही. ताट उचलायला लागलो म्हणजे माणसं खरंच उठलेली असतात. तिथून टेबल तयार व्हायला आमच्या पोरांना तीन मिनिटं लागतात आणि बाहेरच्यांना यायलाही साधारण तेवढीच. तुमच्याकडे तीनची पाच होत असतील तर घड्याळ लावून मोजा आणि तुमची खूण तुम्ही ठरवा. पण खूण एकच असू द्या आणि बटण दाबणारा माणूसही एकच. आमच्याकडे मी आणि पुतण्या दोघंही दाबायचो. एकाच टेबलासाठी पाच आणि आठ, दोघांना बोलावणं गेलं. ती रात्र मी विसरणार नाही.

दाबल्याची वेळ वहीत लिहा. पेजर उलट काही सांगत नाही, म्हणून ही वहीच तुमची पावती. आमचा क्रम असा आहे: पहिला कॉल, दोन मिनिटांनी दुसरा, आणखी दोन मिनिटांनी तिसरा आणि सोबत पोरगा दारात जाऊन हाक मारतो. तरीही कोणी नाही तर टेबल पुढच्याला. पहिले नंतर आले तर त्यांचा नंबर कापायचा नाही, पुढचं रिकामं होणारं टेबल त्यांचं. हा नियम दारावर मोठ्या अक्षरात लावा. तोंडी सांगितलेला नियम भांडणात कोणालाच आठवत नाही.

वेळ सांगताना पाच-दहा मिनिटं जास्तच सांगा. "अर्धा तास" सांगून पंचवीस मिनिटांत वाजलेला पेजर गिऱ्हाइकाला खूश करतो. "वीस मिनिटं" सांगून पंचवीसने वाजलेला तोच पेजर शिव्या खातो.

८. पेजर देताना काय सांगायचं

चार वाक्यं, दर वेळी, कंटाळा न करता. "हातात ठेवा किंवा वरच्या खिशात. पर्समध्ये नको. पानठेल्याच्या पुढे जाऊ नका. तळघरात वाजत नाही."

पर्सची गोष्ट खरी आहे. एका मावशींनी पेजर बॅगेत, बॅग मांडीवर, त्यावर शाल, आणि बॅगेत स्टीलचा डबा. तीन कॉल गेले. डब्याने लहर अडवली की शालीने थरथर गिळली, देव जाणे. "आमच्या मागून आलेले आत जाऊन राहिले अन् आम्ही इथंच," असं त्या म्हणाल्या ते चूक नव्हतं. मी त्यांना हे आधी सांगितलं नव्हतं.

लहान मुलांना चकतीचे दिवे आवडतात. त्यांच्या हाती दिलं तरी चालेल, उलट वाजल्यावर सगळ्यात आधी तीच ओरडतात. फक्त गटारावर बसलेली नसावीत.

डिपॉझिट घेऊ नका, असं माझं मत. शंभर रुपये घेतले की परत द्यायला गल्ल्यावर दुसरी रांग लागते. गाडीची किल्ली किंवा आधार मागणं तर अजिबात नको. आम्ही नाव, माणसं किती आणि पेजरचा नंबर एवढंच लिहितो.

९. चार्जिंग, पुसणं आणि आपला उन्हाळा

एकावर एक रचलेल्या चकत्यांमध्ये वीज खालून वर जाते, प्रत्येकीच्या वरच्या-खालच्या धातूच्या ठिपक्यांतून. मधल्या एकीच्या ठिपक्यावर तेलाचा थर बसला की तिच्या वरच्या सगळ्या उपाशी. सकाळी "वरचे चार चालत नाहीत" अशी तक्रार आली तर वरच्या चारांकडे बघू नका, वरून पाचवी पुसा. रोज रात्री कोरड्या कापडाने, आठवड्यातून एकदा कापसाला थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून. पाण्यात बुचकळायचं नाही. भांडी घासणाऱ्या बाईंना हे स्वतः सांगा. आमच्याकडे एकदा तीन चकत्या ताटांबरोबर धुऊन निघाल्या.

लिथियम बॅटरी साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज करायची नसते. मे महिन्यात नागपुरात सावलीतला पारा तिथपर्यंत जातो, मग तंदूरच्या भिंतीला टेकलेल्या फळीचं काय होत असेल? आमच्या पहिल्या उन्हाळ्यात दोन पेजरच्या पाठी फुगल्या. फुगलेला पेजर दाबून बसवू नका, पुन्हा चार्जिंगला लावू नका, ई-कचऱ्यात द्या. आता स्टँड कूलरच्या बाजूला, पण ओल्या हवेच्या झोतात येणार नाही असं ठेवलं आहे. दुपारी दोन ते पाच चार्जिंग बंद. रात्री दुकान वाढवल्यावर लावतो.

१०. रात्री मोजा

गल्ला मोजायच्या आधी पेजर मोजा. कमी भरला तर त्याच वेळी वही बघा, त्या नंबरवर शेवटचं नाव कोणाचं ते कळतं. काही पेजर बेसपासून लांब गेले की आपणहून वाजतात. तशी सोय असलेला सेट थोडा महाग पडला तरी घ्या, कारण माणूस गाडी सुरू करतानाच परत येतो.

हरवलेल्याच्या जागी नवा आणलात तर त्याला जुनाच नंबर द्या, म्हणजे वही आणि सवय बदलावी लागत नाही. पण त्याआधी महिनाभर थांबा. आमचा सात नंबर बावीस दिवसांनी अमरावतीहून एका भाच्याच्या हाती आला, पूर्ण उतरलेला, मागे चुन्याचा डाग. तोवर मी नवा सात विकत घेऊन बसले होते. स्टँडवर ठेवले की आता दोन सात आहेत आणि सात दाबला की दोन्ही वाजतात. एकाला १७ करायचं आहे, विक्रेत्याच्या दुकानात काढलेला तो व्हिडिओ कुठल्या फोनमध्ये आहे ते शोधते आहे.